कोरियाची बरणी, नाशिकचा मुळा

मुळा म्हटलं की नाक मुरडणारे दोस्त हात वर करा! बरेच हात वर झाले असणार. "वास येतो", "तिखट लागतो", "डब्यात नको गं आई" ही वाक्यं हिवाळाभर घरोघरी ऐकू येतात. पण याच मुळ्याची बरणी भरून ठेवण्यासाठी एक अख्खा देश थंडीची वाट पाहतो, असं सांगितलं तर?

तो देश म्हणजे कोरिया. कोरियन मालिका, कोरियन गाणी आता तुमच्या ओळखीची झाली आहेत. पुण्याजवळ रांजणगावला कोरियन कंपनीचा मोठा कारखाना आहे आणि पुण्यात कोरियन कुटुंबंही राहतात. या लोकांच्या जेवणात सकाळ, दुपार, संध्याकाळ एक पदार्थ हवाच. त्याचं नाव किमची. आपण फोटो काढताना हसू यावं म्हणून "चीज" म्हणतो ना, तसं कोरियातली मुलं "किमचीऽऽ" म्हणतात!

किमची म्हणजे मीठ लावून, मसाला चोळून आंबवलेली भाजी. ती शेकडो प्रकारची असते. सर्वांत प्रसिद्ध ती चिनी कोबीची. पण आज आपण पाहणार आहोत मुळ्याची किमची. तिला म्हणतात 'कक्दुगी'. मुळ्याचे चौकोनी तुकडे करताना सुरीचा जो आवाज होतो, त्यावरून कोरियन भाषेत एक शब्द आहे आणि त्यातूनच हे नाव आलं. आपण नाही का 'कचाकच कापलं' म्हणत, तसंच! आणि गंमत ऐका. कोरियन भाषेत मुळ्याला म्हणतात 'मू'. आपला 'मुळा' आणि त्यांचा 'मू' यांचं नातं काही नाही, हा निव्वळ योगायोग. पण लक्षात ठेवायला किती सोपं!

मिरचीचा लांबचा प्रवास

किमची लालभडक असते. पण ती पहिल्यापासून तशी नव्हती. फार पूर्वी कोरियन लोक भाज्या नुसत्या मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवत. 'किमची' हा शब्दसुद्धा 'बुडवलेली भाजी' अशा अर्थाच्या जुन्या शब्दावरून आला आहे. आता आपला शब्द आठवा. लोणचं! 'लवण' म्हणजे मीठ, त्यावरून लोणचं. दोन देश, दोन भाषा, पण मूळ एकच : मीठ.

मग मिरची कुठून आली? मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांबरोबर मिरची आपल्याकडे आली. तीच जहाजं पुढे जपानपर्यंत जात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानकडून मिरची कोरियात पोचली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सन १६१४ मधल्या एका कोरियन ग्रंथात तर मिरचीला चक्क 'जपानी मोहरी' म्हटलं आहे. म्हणजे आपल्या मिसळीचा तर्रीदार कट आणि कोरियाची लाल किमची या दोघींची आजी एकच!

त्यांचं वाळवण

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी, काकू, शेजारच्या मावशी एकत्र जमून पापड, कुरडया, सांडगे घालतात. कोणी लाट्या करतं, कोणी लाटतं, आणि आपण राखण करायच्या नावाखाली लाट्या पळवतो. हे सगळं कशासाठी? तर पावसाळ्यासाठी. पूर्वी त्या चार महिन्यांत भाजी मिळणं अवघड व्हायचं.

कोरियात अडचणीचा काळ पावसाळ्याचा नसतो, हिवाळ्याचा असतो. बर्फ पडतं, जमीन गोठते, शेतात काही उगवत नाही. म्हणून तिथे नोव्हेंबरच्या अखेरीस घरंच्या घरं एकत्र येऊन महिनोन्‌महिने पुरेल एवढी किमची करतात. या सोहळ्याला म्हणतात 'किमजांग'. शेजारी-पाजारी येतात, कोबी-मुळ्यांचे ढीग लागतात, सासू सुनेला मिठाचा अंदाज शिकवते, आणि जाताना प्रत्येकाच्या हातात वानोळा असतोच. पूर्वी तर या खर्चासाठी नोकरदारांना वेगळा बोनस मिळत असे.

किमची भरायची 'ओंग्गी' नावाच्या मातीच्या रांजणांत. हे रांजण अंगणात गळ्यापर्यंत जमिनीत पुरून ठेवत. का बरं? कारण वर बर्फ असलं तरी जमिनीच्या पोटात गारवा सारखाच राहतो. भाजी गोठतही नाही आणि भराभर आंबूनही जात नाही. पुढे लोक उंच इमारतींत राहायला गेले. अंगण गेलं, मग रांजण कुठे पुरणार? तेव्हा १९९० नंतरच्या दशकात तिथे खास किमचीचे फ्रीज लोकप्रिय झाले.

इथे एक विचार करा. आपण भाजी टिकवतो ती उन्हात वाळवून किंवा तेलात बुडवून, कारण आपल्याकडे ऊन भरपूर. त्यांच्याकडे थंडी भरपूर, म्हणून ते सावकाश आंबवतात. ज्याच्या पदरात निसर्गाने जे टाकलं, त्याचा त्याने उपयोग केला.

पण आंबवणं आपल्यालाही नवं नाही. दही, इडली, आंबोळी, आंबील ही सगळी आंबवण्याचीच करामत. आणि मुळा आंबवायचा म्हणाल, तर नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंग भागातले लोक मुळा खड्ड्यात दाबून आंबवतात आणि मग वाळवतात. त्याला 'सिंकी' म्हणतात. पावसात त्याचं गरमागरम सूप!

बरणीतली लढाई

आता खरी जादू. दही लावताना विरजण घालावं लागतं. किमचीत विरजण कुठलं? उत्तर आहे, मुळ्याच्या अंगावरच! भाज्यांवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य जिवाणू असतात. काही भाजी सडवणारे, काही कामाचे. आपलं काम एवढंच, की कामाच्या बाजूला मदत करायची.

पहिली मदत मिठाची. मुळ्याच्या फोडींना मीठ लावलं, की आतलं पाणी बाहेर येतं. कोशिंबिरीला पाणी सुटतं तसंच. या खारट पाण्यात सडवणाऱ्या जिवाणूंची पंचाईत होते. कामाच्या जिवाणूंना मात्र एवढं मीठ चालतं.

दुसरी मदत, हवा कमी करायची. फोडी पाण्याखाली राहिल्या की बुरशीला हवा मिळत नाही.

मग मैदानात उतरतात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू. पहिल्या फळीत असतात 'ल्युकोनोस्टॉक' जातीचे. ते मुळ्यातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल व कार्बन डायऑक्साइड वायू तयार करतात. म्हणूनच बरणीत बुडबुडे दिसतात. आणि सांगू का? इडलीचं पीठ फुगवणाऱ्यांमध्ये हेच महाशय प्रमुख! म्हणजे रविवारच्या इडलीत आणि कोरियाच्या किमचीत एकच कारागीर राबतो.

हळूहळू आंबटपणा वाढतो. तो इतका वाढतो की ल्युकोनोस्टॉकलाच तो सोसवत नाही. मग दुसरी फळी येते, 'लॅक्टोबॅसिलस' आणि त्याच्या भाऊबंदांची. त्यांना आंबट आणखी चालतं. अशा आंबट पाण्यात रोग पसरवणाऱ्या बहुतेक जिवाणूंचा टिकाव लागत नाही. बाहेर चार दिवसांत मऊ पडणारा मुळा इथे महिनाभर कुरकुरीत राहतो, तो यामुळे.

आणि मुळ्याचा तो उग्र वास? मुळा, मोहरी, कोबी हे एकाच कुळातले. या कुळात गंधक असलेली द्रव्यं असतात. मुळा कापला की ती मोकळी होतात आणि नाकाला झोंबतात. आंबवताना हा वास सुरुवातीला चांगलाच जाणवतो. घाबरू नका, पुढे आंबट-तिखट चवीपुढे तो मागे पडतो.

नाशिकची थंडी कामाला लावू या

किमचीला हवा गारवा, आणि तो नाशिक जिल्ह्यात हिवाळ्यात भरपूर. निफाडचा पारा किती उतरला, हे डिसेंबर-जानेवारीत सगळा महाराष्ट्र वर्तमानपत्रात वाचतो. द्राक्षबागाईतदार बिचारे रात्री बागेत शेकोट्या पेटवून द्राक्षं वाचवतात. मात्र बरणीतल्या आपल्या कारागिरांना हीच हवा मानवते. सावकाश आंबलेली किमची जास्त चवदार लागते. आणि नेमक्या याच दिवसांत गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात पांढरेशुभ्र, पाल्यासकट मुळे येतात. जमलं ना सगळं!

*साहित्य*

मुळा (सोलून, कापून) १ किलो. मीठ २५ ग्रॅम (तराजू नसेल तर चहाचे सपाट साडेचार चमचे). ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड ४ ते ५ चहाचे चमचे. लसूण ८-१० पाकळ्या. आलं बोटाच्या एका पेराएवढं. कांद्याची पात ४ काड्या. साखर किंवा गूळ २ चहाचे चमचे. तांदळाची पिठी १ मोठा चमचा. पाणी अर्धी वाटी. दीड-दोन लिटरची काचेची किंवा चिनी मातीची बरणी.

*कृती*

१. बरणी गरम पाण्याने धुऊन उन्हात कोरडी करा. हात, पाट, सुरी, सगळं स्वच्छ हवं.

२. मुळा घट्ट आणि जड बघून घ्या. आतून पोकळ झालेला नको. सोलून पाऊण इंचाच्या चौकोनी फोडी करा. सुरीचं काम मोठ्यांच्या देखरेखीखाली!

३. फोडींना मीठ चोळून तासभर ठेवा. मधून एकदा खालीवर करा. सुटलेलं पाणी फेकू नका. त्यात मीठ आहे आणि तेच आपल्याला लागणार आहे.

४. तांदळाची पिठी अर्ध्या वाटी पाण्यात कालवून मंद आचेवर खळीसारखी शिजवा आणि पूर्ण गार होऊ द्या. या खळीमुळे मसाला फोडींना चिकटतो आणि जिवाणूंनाही खाऊ मिळतो.

५. गार खळीत मिरचीपूड, वाटलेलं आलं-लसूण आणि साखर कालवा. घरातली मिरची लवंगीसारखी जहाल असेल तर एकच चमचा घ्या.

६. मसाला, फोडी, सुटलेलं पाणी आणि पातीचे तुकडे एकत्र करा. मिरचीने हात भगभगतात, म्हणून मोठा चमचा वापरा आणि तो हात डोळ्यांना मुळीच लावू नका.

७. बरणीत दाबून भरा. वर तीन बोटं जागा मोकळी सोडा. झाकण सैल ठेवा आणि बरणीखाली ताटली ठेवा, कारण रस उतू जाऊ शकतो.

८. उन्हापासून दूर ठेवा. थंडीत दोन-तीन दिवस पुरतात, उन्हाळ्यात एकच दिवस. रोज स्वच्छ, कोरड्या चमच्याने फोडी रसात दाबा. बुडबुडे दिसले, आंबटसर वास आला, की बरणी फ्रीजमध्ये. तिथेही ती सावकाश मुरतच राहते. आठवडाभराने चव रंगात येते.

कोरियात या मसाल्यात खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा रस घालतात. पण तो हवाच असं नाही. तिथल्या बौद्ध मठांतल्या किमचीत मासळी तर नसतेच, शिवाय कांदा-लसूणही नसतं. आपल्या आजीच्या चातुर्मासासारखंच! तुमच्या घरी कांदा-लसूण खात नसतील तर ते खुशाल वगळा. मीठ मात्र कमी करायचं नाही. ते चवीपुरतं नाही, राखणदार आहे.

तीन सूचना, विसरायच्या नाहीत

झाकण घट्ट लावून बरणी बाहेर ठेवू नका. वायू कोंडला तर काच फुटू शकते.

वर हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली, फोडी बुळबुळीत झाल्या किंवा सडका वास आला, तर चव न घेता सगळंच टाकून द्या. 'वरचं काढून खालचं खाऊ' असं करायचं नाही.

किमची खारट आणि तिखट असते. पोळी, वरण-भात किंवा खिचडीबरोबर चार फोडी पुरे. घरात कोणाला मीठ कमी खायला सांगितलं असेल, तर त्यांना वाढण्याआधी विचारा.

छोट्या शास्त्रज्ञांसाठी

किमची लाल असल्याने आत काय चाललंय ते नीट दिसत नाही. म्हणून जोडीला एक छोटी पांढरी बरणी करा. २०० ग्रॅम मुळ्याच्या फोडी, २०० मिलिलिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. बाकी काही नाही. आता वहीत रोज लिहा : पाणी स्वच्छ आहे की गढूळ? बुडबुडे किती? वास कसा?

लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून रंगीत पाणी करा. रोज एका वाटीत ते थोडं घेऊन त्यात पांढऱ्या बरणीतलं चमचाभर पाणी घाला. आम्ल वाढेल तसा रंग अधिक लाल-गुलाबी होत जाईल. जमलं तर अशाच दोन बरण्या करा, एक फ्रीजमध्ये आणि एक बाहेर. कोरियन आज्या रांजण जमिनीत का पुरायच्या, याचं उत्तर तुमची वहीच देईल.

बरणी एक, देश दोन

किमचीची गोष्ट अजून संपलेली नाही. १९५० ते १९५३ या काळात उत्तर आणि दक्षिण कोरियात भयंकर युद्ध झालं. ते थांबलं तेव्हा बावीस हजारांहून अधिक युद्धकैदी आपल्या बाजूला परत जायला तयार नव्हते. त्यांचं काय करायचं ते ठरेपर्यंत त्यांना सांभाळण्याचं नाजूक काम भारताच्या सैन्याने केलं. त्या दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शं. पां. पा. थोरात, आपल्या कोल्हापूर भागातले. १९५३-५४ चा कडक कोरियन हिवाळा आपल्या जवानांनी तिथेच काढला.

युद्ध थांबलं, पण देश दोनच राहिले. मधे काटेरी तारा. भाऊ एकीकडे आणि बहीण दुसरीकडे, अशी हजारो कुटुंबं तुटली. २०१३ साली युनेस्कोने दक्षिण कोरियाच्या किमजांगची मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली. दोन वर्षांनी, २०१५ साली, उत्तर कोरियाच्या किमची करण्याच्या परंपरेचीही नोंद झाली. परंपरा एकच, पण यादीत नोंदी दोन! तारेच्या दोन्ही बाजूंना आजही थंडी पडली की आज्या मुळ्याला मीठ चोळतात. तारेला ते थांबवता आलेलं नाही.

दक्षिण कोरियाने तर किमची अंतराळातही पाठवली. २००८ साली यी सो-येऑन ही पहिली कोरियन अंतराळयात्री अवकाश स्थानकावर गेली, तेव्हा तिच्यासाठी खास किमची होती. त्यातले जिवाणू शास्त्रज्ञांनी किरणोत्साराने आधीच मारले होते. का, ते तुम्ही आता सांगू शकाल. बुडबुडे! अंतराळात डबा फुगला असता तर?

शेवटची फोड

२०१० साली पावसाने कोरियातलं कोबीचं पीक बुडालं. भाव कित्येक पटींनी चढले. किमचीच महाग झाली म्हटल्यावर सगळा देश हवालदिल झाला आणि सरकारला परदेशी कोबीवरचा कर काढावा लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्याकडे काय झालं, ते घरच्या मोठ्यांना विचारा. अवकाळी पावसाने नाशिक जिल्ह्यातला कांदा भिजला, देशभर भाव भडकले आणि सरकारने निर्यात थांबवली. तिकडे कोबी, इकडे कांदा. दोन्हीकडे पाऊस तोच, आणि शेतकऱ्याची चिंताही तीच.

कधी उलटंही होतं. माल भरपूर येतो, भाव कोसळतो आणि ट्रॅक्टरचं भाडंही सुटत नाही. मुळा तर कांद्यासारखा चाळीत साठवताही येत नाही. आज काढला, आजच विकला पाहिजे. टिकवण्याची युक्ती माहीत असणं किती मोलाचं असतं, ते अशा वेळी कळतं. एका घरातल्या एका बरणीने बाजारभाव बदलणार नाही, हे खरं. पण स्वस्त म्हणून टाकून दिलेली भाजी महिनाभराचं तोंडीलावणं होऊ शकते, हे ज्याने स्वतःच्या हाताने करून पाहिलं, तो मुळ्याकडे पुन्हा नाक मुरडून पाहणार नाही.

तेव्हा मित्रांनो, या बुधवारी पिशवी घेऊन बाजारात चला. मुळे निवडताना पाला टाकू नका, त्याची पीठ पेरून भाजी होईल. बरणी भरली की झाकणावर तारीख लिहा. आठ दिवसांनी पहिली वाटी भरा आणि कोरियन रीतीप्रमाणे ती शेजारी नेऊन द्या. शेजारच्या काकू वाटी रिकामी परत करणार नाहीत, हे आपल्याकडचं शास्त्र आहे!